राष्ट्रपती आणि सरकारी वकील

राष्ट्रपती : प्रतिभाताई पाटील (कार्यकाळ २००७–२०१२), जन्म बोदवडजवळच्या नाडगावचा, १९३४. वकील : जळगावचे उज्ज्वल निकम, २६/११च्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यातील विशेष सरकारी वकील. दोघे एकाच जिल्ह्यातले. तरी फाशीच्या कैद्याच्या दयेच्या अर्जावर त्यांच्यात पत्रापत्री झाली, असे समजू नये. विशेष सरकारी वकील केंद्र किंवा राज्य सरकार नेमते. दयेचा अर्ज गृहमंत्रालयामार्फत जातो आणि अनुच्छेद ७२ खाली राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निर्णय देतात. त्या हल्ल्यातील दोषी कसाबचा अर्ज तर पाटील यांच्यानंतरचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी नोव्हेंबर २०१२ मध्ये फेटाळला. निकम २०२४ साली भाजपतर्फे मुंबई उत्तर-मध्यमधून लोकसभेला उभे राहिले व हरले. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्यांना राज्यसभेवर नामनियुक्त केले. — संपा.