काठमांडूतील सफा टेम्पो आणि चार्जिंग केंद्रांची जडणघडण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आशियातील विद्युत वाहनांचा इतिहास सांगताना प्रामुख्याने जपान व चीन या देशांचा उल्लेख होतो. जलद चार्जिंगची पद्धत निश्चित करणारी जपानची ‘चाडेमो’ संघटना २०१० मध्ये स्थापन झाली. तथापि, त्यापूर्वी दशकभराहून अधिक काळ नेपाळच्या राजधानीत सार्वजनिक वाहतुकीसाठी चार्जिंग केंद्रांचे जाळे उभे राहिले होते. त्या जाळ्याची वाढ व कुंठितावस्था यांची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे.

पार्श्वभूमी

काठमांडू खोरे चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले असल्याने तेथील धूर सहजी बाहेर पडत नाही. नेपाळमध्ये खनिज तेलाचे उत्पादन होत नाही. जलविद्युत मात्र देशातच निर्माण होते. चीनच्या साहाय्याने १९७५ मध्ये त्रिपुरेश्वर ते सूर्यविनायक या सुमारे १३ किलोमीटर मार्गावर विजेवरील ट्रॉलीबस सुरू झाली, ती याच परिस्थितीत. परंतु ट्रॉलीबस तारांच्या मार्गापुरतीच मर्यादित होती. गल्लीबोळांतील वाहतूक ‘विक्रम’ या भारतीय बनावटीच्या डिझेल टेम्पोंच्या हाती होती व प्रदूषणाचा मोठा दोष त्यांच्याकडेच जात होता.

चार्जिंग केंद्रांचा उदय

१९९३ मध्ये ‘ग्लोबल रिसोर्सेस इन्स्टिट्यूट’ या अमेरिकन संस्थेने तीनचाकी टेम्पो विजेवर चालविण्याचा प्रयोग हाती घेतला. अमेरिकन शासनाच्या मदत संस्थेचे साहाय्य त्यास लाभले. १९९६ पासून खासगी उद्योजक या क्षेत्रात उतरले आणि ‘सफा’, म्हणजे स्वच्छ, टेम्पो रस्त्यावर रुळला.

शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होण्यास अनेक तास लागत असल्याने एका टेम्पोसाठी बॅटऱ्यांचे दोन संच ठेवले जात. एक संच वाहनात असताना दुसरा केंद्रावर चार्ज होई; दुपारी उतरलेला संच काढून भरलेला बसविला जाई. त्यामुळे चार्जिंग केंद्र हे केवळ वीज पुरविणारे ठिकाण नव्हते. बॅटरीची देखभाल व टेम्पोची दुरुस्तीही तेथेच होत असे. पुढे सुमारे ६०० टेम्पो व तीसहून अधिक केंद्रे असा हा व्यवसाय विस्तारला. अनेक स्त्रियांना चालक म्हणून रोजगार मिळाला, ही त्याची सामाजिक फलश्रुतीही महत्त्वाची आहे.

धोरणातील विसंगती

१९९९ मध्ये शासनाने खोऱ्यातील डिझेल टेम्पोंवर बंदी घातली. रिकामी झालेली जागा सफा टेम्पोंना मिळेल, अशी अपेक्षा होती. परंतु विस्थापित टेम्पोमालकांना मायक्रोबस आयात करण्यासाठी शुल्कात सवलत देण्यात आली. अधिक प्रवासी नेणाऱ्या व वेगवान अशा मायक्रोबसशी सफा टेम्पोला स्पर्धा करावी लागली. नव्या तीनचाकींची नोंदणीही रोखली गेली. वाहनांची संख्या वाढेना, तेव्हा केंद्रांचा विस्तारही थांबला. पुढे विजेच्या तीव्र टंचाईची भर पडली. २००९ च्या हिवाळ्यात भारनियमन दिवसाला १६ तासांपर्यंत पोहोचले. ट्रॉलीबसही तत्पूर्वीच, २००८ मध्ये, बंद पडली होती.

नवे पर्व

२०१५ च्या सप्टेंबरपासून सीमेवरील नाकेबंदीमुळे नेपाळमध्ये इंधनाची भीषण टंचाई निर्माण झाली. आयात तेलावरील परावलंबनाची किंमत तेव्हा घरोघरी जाणवली. २०१६ पासून राजधानीतील भारनियमन संपुष्टात येऊ लागले. त्यानंतर विद्युत मोटारींना आयात शुल्कात मोठी सवलत मिळाली आणि नेपाळ विद्युत प्राधिकरणाने स्वतः ५१ चार्जिंग केंद्रे उभारली. २०२३-२४ मध्ये देशात आयात झालेल्या मोटारींपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक मोटारी विद्युत होत्या.

समारोप

सफा टेम्पोची केंद्रे तंत्रज्ञानाच्या अभावी खुंटली, असे म्हणता येत नाही. संथ चार्जिंगवर त्यांनी बदली संचाचा उपाय शोधला होता. वाहनसंख्या, वीजपुरवठा व आयात धोरण हे तीन घटक परस्परांना पूरक असतील तरच चार्जिंग केंद्र टिकते, असा निष्कर्ष या इतिहासातून निघतो. एका हाताने बंदी व दुसऱ्या हाताने प्रतिस्पर्ध्याला सवलत, या धोरणाचा भार अखेर लहान केंद्रचालकांवर व टेम्पोचालकांवर पडला. आज शासकीय खर्चाने केंद्रे उभारणाऱ्या देशांनी काठमांडूचा हा अनुभव विचारात घेणे आवश्यक ठरते.