दोन धातूंमधली हवा

एप्रिल सरत आला आणि नाशिकचा पारा चाळिशीकडे झुकू लागला, की आमच्या शाळेच्या संगणक-खोलीतला एक जुना संगणक हटकून रुसत असे. सुरू केला की दहा मिनिटे चाले, मग आपोआप बंद. ‘यंत्र बाद झाले, नवे घ्या’ असा सल्लाही मिळाला. अखेर एका माजी विद्यार्थ्याने झाकण उघडले. प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामधला पांढरा लेप वाळून खडूसारखा भुगा झाला होता. त्याने तो पुसला, वाटाण्याएवढा नवा लेप लावला, आणि संगणक पुढे तीन वर्षे विनातक्रार चालला. या चिमूटभर लेपात काय होते? त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक संगणक कामाला लागला. पुढे १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्यात सुमारे २७०० निर्वात नलिका होत्या. नलिकेतली तार तापल्याशिवाय तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत; म्हणजे उष्णता ही नलिकेची गरजच होती. नलिका मोठ्या, सुट्यासुट्या असत. त्यांची उष्णता भोवतालची हवा घेऊन जाई. लेपाची गरज नव्हती.

ट्रान्झिस्टर आला आणि चित्र पालटले. तो लहान, पण उष्णता सोसण्यात नाजूक. अधिक शक्तीचे ट्रान्झिस्टर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवू लागले, तेव्हा मध्ये अभ्रकाची चकती आणि झिंक ऑक्साइड मिसळलेले सिलिकोन ग्रीस घालण्याची पद्धत पडली. गणेशोत्सवात मंडपातले अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना हा पांढरा लेप संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता.

लेप कशासाठी? नाशिकच्या भांडी बाजारातली दोन लख्ख तांब्याची ताटे एकमेकांवर ठेवा. डोळ्यांना ती चिकटलेली दिसतील. प्रत्यक्षात त्यांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म डोंगरदऱ्या असतात. शिखरे तेवढी एकमेकांना टेकतात, दऱ्यांमध्ये हवा राहते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, तर हवेची अवघी ०.०२६ (एकक : वॅट प्रति मीटर प्रति केल्विन).

वर्गात हे गणित घालता येईल. फूर्येने १८२२ साली आपल्या ग्रंथात मांडलेल्या नियमानुसार, तापमानातला फरक = (उष्णतेचा वेग × थराची जाडी) ÷ (वाहकता × क्षेत्रफळ). प्रोसेसर ६५ वॅटचा, क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर आणि फट ०.०२५ मिलिमीटर धरू. फटीत नुसती हवा असेल तर फरक येतो ६२.५ अंश! वाहकता २ असलेला लेप भरला तर एक अंशाहूनही कमी. खऱ्या यंत्रात धातू काही ठिकाणी टेकलेला असतो, म्हणून हवेचा तोटा एवढा मोठा नसतो. पण दिशा हीच. आता लेपच १ मिलिमीटर जाड थापला तर? फरक ३२.५ अंश. लेप तांब्याची जागा घेण्यासाठी नसून हवेची जागा घेण्यासाठी आहे, हे मुलांना यातून आपसूक कळते.

संगणकांनी आपली भूक झपाट्याने वाढवली. शक्तिशाली महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एका बलाढ्य प्रोसेसरऐवजी अनेक ट्रान्स्प्युटरांना काम वाटून देण्याची ही रचना. कामाबरोबर उष्णताही वाटली गेली. मात्र टेबलावरच्या संगणकात सगळा भार एकाच चिपवर येत होता. १९९३ च्या पेंटियममध्ये सुमारे १५ वॅट उष्णता निर्माण होई. पुढे हा आकडा शंभरापलीकडे गेला. पंखा, ठोकळा आणि लेप अपरिहार्य झाले.

सन २००० च्या सुमारास चांदीचे कण असलेले लेप लोकप्रिय झाले. चांदी उत्तम वाहक खरी, पण असा लेप चिपच्या शेजारच्या तारांवर सांडला तर विद्युत बिघाडाची धास्ती. त्यावरचा उपाय म्हणजे सिरॅमिक लेप : अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, झिंक ऑक्साइड, बोरॉन नायट्राइड यांची अतिसूक्ष्म पूड तेलकट माध्यमात कालवलेली.

इथे शिक्षकांनी क्षणभर थांबावे. ‘जो विजेचा सुवाहक, तो उष्णतेचाही सुवाहक’ असे आपण वर्गात सहज सांगून जातो. धातूंपुरते ते ठीक आहे, कारण तिथे दोन्ही कामे मुक्त इलेक्ट्रॉन करतात. सिरॅमिकमध्ये मुक्त इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतात. उष्णता नेतात ती अणूंच्या जाळीतली कंपने. म्हणून अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड वीज अडवते, पण उष्णता बऱ्यापैकी जाऊ देते. हिरा तर विजेचा दुर्वाहक असूनही उष्णता वाहण्यात तांब्याला कितीतरी मागे टाकतो. आपला नियम किती व्यापक आहे, हे सांगायला याहून चांगले उदाहरण कोणते?

पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात प्रोसेसरवर धातूची पट्टी टेकवून तिच्यातून द्रव खेळवतात. पंख्याची जागा द्रवाने घेतली, पण दोन पृष्ठभागांमधल्या दऱ्या तशाच राहिल्या. त्या भरणे चुकत नाही.

मुलांसाठी एक प्रयोग. सारख्या दोन स्टीलच्या वाट्यांत सारखेच गरम पाणी घ्या. एक वाटी जाड लोखंडी तव्यावर कोरडी ठेवा, दुसरी तशाच दुसऱ्या तव्यावर पाण्याचे चार थेंब टाकून त्यावर ठेवा. दर मिनिटाला तापमान मोजून आलेख काढा. दोन रेषांमधले अंतर कशामुळे पडले, हे मुलांनाच सांगू द्या. आणि शाळेतला एखादा संगणक उन्हाळ्यात रुसला, तर तो भंगारात देण्याआधी जाणत्या माणसाकडून एकदा झाकण उघडून पाहा.