झाडं राखली म्हणून जमीन जाते का?

कळमनुरी तालुक्यात आमच्या नानांच्या शेताच्या वरच्या अंगाला तीन एकर रान आहे. साग, धावडा, पळस, टेंभुर्णी आणि दोन जुने मोह. नानांनी ते कधी वहितीखाली आणलं नाही. परवा मामू म्हणाले, "बेटा, तू शिकलेला आहेस. हे रान मोडून हळद लावावी म्हणतो. ठेवलं तर उद्या फॉरेस्टवाले घेऊन जातील."

मामू लोभी नाहीत. त्यांच्या भीतीमागे मोठा इतिहास आहे.

निजामाच्या राज्यात हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. काही जंगलं सरकारची, काही जहागीरदारांची. १९४९ मध्ये जहागिऱ्या संपल्या आणि त्यांतली जंगलंही सरकारकडे आली. जहागीरदारी गेली हे चांगलंच झालं. पण रयतेच्या मनात एक गोष्ट पक्की राहिली: नांगरलेलं ते आपलं, झाडांचं ते सरकारचं.

पुढे महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम आला. ३० ऑगस्ट १९७५ या एका दिवशी राज्यातली खाजगी वनं सरकारजमा झाली. तोड थांबावी, जंगल सर्वांच्या कामी यावं, हा हेतू योग्यच होता. पण लहान शेतकरीही त्यात सापडले, म्हणून १९७८ मध्ये दुरुस्ती करावी लागली. ज्यांची एकूण जमीन १२ हेक्टरांपेक्षा जास्त नव्हती, त्यांना जमीन परत मिळण्याची तरतूद झाली. मुंबईत विक्रोळी-मुलुंडच्या जमिनींचा वाद तर २०१४ पर्यंत चालला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, मालकाला कधी बजावलीच नाही अशी जुनी नोटीस पुढे करून जमीन खाजगी वन ठरवता येणार नाही.

याच इतिहासाची दुसरी बाजूही पाहू. तमिळनाडूतल्या गुडलूरची जंगलं एकेकाळी निलांबूरच्या राजघराण्याची होती. पुढे तिथे बेसुमार तोड सुरू झाली. तेव्हा त्याच घराण्यातले टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. मालकी गेली होती, माया गेली नव्हती. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात न्यायालयाने म्हटलं की, मालक कोणीही असो, शब्दकोशाच्या अर्थाने जे जंगल ते जंगलच. देशभरातली कितीतरी झाडं त्या आदेशाने वाचली. मात्र खाजगी मालकाची भीतीही वाढली: रान दाट झालं की हात बांधले जाणार.

मग उपाय काय? आपल्याच राज्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्याकडे पाहा. तिथलं बरंचसं जंगल कुटुंबांच्या मालकीचं आहे आणि ते जळाऊ लाकडासाठी तोडलं जातं. एईआरएफ या संस्थेने तिथल्या मालकांशी करार केले. जमीन तुमचीच, ठरलेल्या मुदतीत तोड करायची नाही, त्या बदल्यात मोबदला. बेहड्याची फळं गोळा करून विकण्याची सोयही लावली. जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो. फळातून पैसा आला की झाड उभं राहतं, झाड उभं राहिलं की धनेश राहतो आणि त्याच्याकडून जंगलाचं बी दूरवर पसरतं.

आता आमचं रान. पावसाचं पाणी तिथे थबकतं, मुरतं आणि खालच्या विहिरींना मिळतं. माती ओढ्यात वाहून जात नाही. मधमाश्या त्या मोहावरून आजूबाजूच्या शेतांत जातात. यातलं काहीच सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं. फायदा सगळ्या शिवाराचा, भीती मात्र एकट्या मामूंची. हा हिशेब चुकीचा आहे. रान राखणाऱ्याला जमीन जाणार नाही याची लेखी हमी मिळावी. समाजाला पाणी, माती मिळते, तर सरकारने थोडा मोबदलाही द्यावा. नुसत्या कायद्याच्या धाकाने झाड मोठं होण्याआधीच उपटलं जातं. मालक रोपटंच वाढू देत नाही.

मी मामूंना एवढंच म्हणालो, "आधी सातबारा आणि जुने फेरफार काढून पाहू. साग तोडायचा तरी १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागतेच. घाई कशाला?"

मामू बराच वेळ मोहाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नानांनी पन्नास वर्षं राखलं. मिरगापर्यंत तरी मी राखतो."

मिरगाच्या आत तलाठ्याकडे जायचं आहे.