वसईचा तांदूळ व्यापार

महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात पिकणाऱ्या तांदळाचा सागरी व्यापार व त्याची परप्रांतीय तांदळाशी झालेली स्पर्धा. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदी आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर यांमधील या प्रदेशास भरपूर पाऊस व जलमार्ग असे दोन्ही लाभ आहेत. खाडीकाठच्या खारजमिनी बांध घालून भाताखाली आणण्याची रीत येथे जुनी आहे; मात्र बांध फुटून खारे पाणी शिरल्यास जमीन पुन्हा गोडी होण्यास अनेक पावसाळे लागत.

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. सिमाँव बोतेल्यू याच्या १५५४ च्या महसुली नोंदींत येथील अनेक गावांचा सारा भाताच्या मापांत दिलेला आढळतो. गोव्याची धान्याची गरज स्थानिक पिकावर भागत नसे. तेथे वसईच्या तांदळाचा मुख्य प्रतिस्पर्धी कानडा किनारा होता. बसरूर, होन्नावर व मंगळूर येथील तांदूळ मस्कतपर्यंत जाई. १६५२–५४ च्या सुमारास केळदीच्या नायकांनी ही ठाणी घेतली. तेव्हा पोर्तुगीजांच्या दृष्टीने वसईच्या धान्याचे मोल स्वस्ताईपेक्षा स्वामित्वात अधिक होते, असे म्हणता येईल. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि हे स्वामित्व संपले.

खरी स्पर्धा एकोणिसाव्या शतकात उभी राहिली. १८५२ मध्ये इंग्रजांनी दक्षिण ब्रह्मदेश जिंकल्यावर इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातील विस्तीर्ण जमीन भाताखाली आली. तेथील एका तांदूळ-बंदराचे (सांप्रतचे पाथेन) इंग्रजी नाव वसईप्रमाणेच ‘बसीन’ होते, हा एक विलक्षण योगायोग. वाफेच्या गिरण्या, आगबोटी आणि १८६९ नंतर सुएझ कालवा यांमुळे ब्रह्मी तांदूळ प्रचंड प्रमाणात व अल्प खर्चात दूरवर पोहोचू लागला. मुंबईच्या बाजारातही तो आला. लहान खाचरे व बांधांच्या नित्य दुरुस्तीचा खर्च असलेल्या वसईस या दराशी बरोबरी करणे कठीण होते. जमिनीचा कस कमी झाला नव्हता. स्पर्धेचे गणित बदलले होते. त्याच सुमारास, १८६४ मध्ये, लोहमार्गाने मुंबई जवळ आली आणि वसईच्या बागायतदारांना केळी, विड्याची पाने, भाजीपाला व फुले यांत अधिक लाभ दिसू लागला.

या परावलंबनाची किंमत १९४२ मध्ये कळली. जपानने ब्रह्मदेश व्यापल्याने तांदळाची आवक थांबली व पुढील वर्षी मुंबईत शिधावाटप सुरू झाले. स्वातंत्र्योत्तर काळात वसईची भातखाचरे वेगाने वस्तीखाली गेली. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली.

जिल्ह्यातील भाताचे नाव आज वाडा तालुक्यातील कोलम या बारीक दाण्याच्या वाणामुळे टिकून आहे. त्यास २०२१ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. जुलै २०२३ ते सप्टेंबर २०२४ या काळात भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर घातलेल्या बंदीत सुरुवातीस सामान्य तांदूळ व असे निवडक वाण यांत भेद नव्हता. २०२५ मध्ये भौगोलिक निर्देशांकप्राप्त तांदळास स्वतंत्र सीमाशुल्क वर्ग देण्यात आला. त्यामुळे निर्बंधांच्या वेळी अशा वाणांना वगळणे सोपे झाले आहे.