बार्लोने निरुपयोगी ठरवलेली संख्या

लंडनच्या युस्टन स्टेशनातून बाहेर पडलात की गॉवर स्ट्रीटवरचं युनिव्हर्सिटी कॉलेज जवळच आहे. कॅमडेनच्या या भागातून आपल्यापैकी बरेचजण ये-जा करतात. इथे गणित शिकवणाऱ्या एका माणसाची आणि एका संख्येची ही हकीकत.

संख्या आहे २,१४,७४,८३,६४७. दोनचा एकतिसावा घात घ्या आणि त्यातून एक वजा करा. ही मूळ संख्या आहे. पण अशी प्रत्येक वजाबाकी मूळ निघत नाही: दोनच्या अकराव्या घातातून एक गेला की २०४७ उरतात, आणि ते म्हणजे २३ गुणिले ८९. मग एवढ्या मोठ्या संख्येची खात्री कशी करायची? ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं, तर चार हजारांवर भागाकार होतात. ऑयलरने दाखवलं, की हिला मूळ विभाजक असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल. चारशेहून कमी उमेदवार उरले. १७७२ मध्ये, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, त्याने निकाल कळवला.

अशा मूळ संख्येतून परिपूर्ण संख्या मिळते. स्वतःखेरीजच्या विभाजकांची बेरीज स्वतःएवढीच, जसे ६ = १ + २ + ३. ऑयलरच्या संख्येतून १९ अंकी परिपूर्ण संख्या मिळाली. १८११ मध्ये वूलिचच्या लष्करी अकादमीतल्या पीटर बार्लोने लिहिलं, की याहून मोठी कधीच सापडणार नाही. निव्वळ कुतूहलाची, बिनउपयोगाची गोष्ट शोधायला कोण बसणार?

त्याच बार्लोची वर्ग, घन आणि मुळांची कोष्टकं १८४० मध्ये नव्याने निघाली, ती ऑगस्टस डी मॉर्गनच्या देखरेखीखाली. डी मॉर्गनचा जन्म १८०६ चा, मदुराईचा. केंब्रिजची धार्मिक अट मान्य नव्हती म्हणून तिथली पुढची वाट बंद. १८२८ मध्ये तो गॉवर स्ट्रीटवर प्राध्यापक झाला. दिल्लीच्या रामचंद्रांचं कलकत्त्यात छापलेलं गणिताचं पुस्तक १८५९ मध्ये लंडनमध्ये प्रस्तावनेसह निघालं, ते त्याच्याच प्रयत्नाने. १८६५ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीचा तो पहिला अध्यक्ष झाला. पुढच्याच वर्षी, नेमणुकीत धर्ममत आडवं आलं म्हणून, त्याने कॉलेज सोडलं.

बार्लोचं भाकीत १८७६ मध्ये कोसळलं. एदुआर ल्युकाने दोनच्या १२७ व्या घातातून एक वजा केल्यावर उरणारी ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं. २०२४ मध्ये सापडलेल्या मूळ संख्येत तर ४,१०,२४,३२० अंक आहेत.

आणि उपयोग? १९६९ मध्ये आयबीएमच्या संगणकांसाठी यादृच्छिक संख्या तयार करण्याची एक रीत निघाली. हाती असलेल्या संख्येला १६,८०७ ने गुणायचं, ऑयलरच्या संख्येने भागायचं आणि बाकी पुढे वापरायची. भाजक मूळ आहे आणि गुणक नेमका निवडलेला आहे, म्हणून १ पासून भाजकाच्या एक अलीकडेपर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा येऊन जाते, मगच फेरा पुन्हा सुरू होतो.

मुलांनी गृहपाठ करताना ‘याचा उपयोग काय?’ असं विचारलं, तर तुम्ही लगेच उत्तर द्यायला जाऊ नका. ऑयलरच्या संख्येला हे काम मिळायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली, आणि तोवर ती सांभाळली ती उपयोग न विचारणाऱ्यांनी.