जुळणे आणि सुटणे यांच्या मधे
स्विच एकतर चालू असतो, नाहीतर बंद, या व्यवहारी समजुतीला गणिताचे रूप दिले क्लॉड शॅनन यांनी. १९३७ साली एमआयटीत सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या, मंडलांना बूलचे (खरे-खोटे यांचे) बीजगणित लावले. गंमत अशी, की त्यात जुळलेला कॉन्टॅक्ट ० आणि सुटलेला १. मोजायचा होता तो अडथळा! पण १९३९ मध्ये अभियंते कॅसी यांनी या दोन आकड्यांमधल्या क्षणाचेच समीकरण मांडले. मोठ्या सर्किट ब्रेकरचे कॉन्टॅक्ट सुटले तरी प्रवाह लगेच थांबत नाही. तप्त वायूतून आर्क होऊन तो वाहत राहतो. कॅसींनी आर्कचा छेद बदलता धरला, तर १९४३ मध्ये दुसरे अभियंते मायर यांनी प्रवाह शून्याला टेकतानाचे आर्कचे निवणे.

मग शॅनन यांचे प्रतिरूप अपुरे होते, असे कोणी म्हणेल. तसे नाही. टेलिफोनच्या रिलेत प्रवाह क्षीण. तिथे प्रश्न मांडणीचा होता, ब्रेकरमध्ये मात्र काही मिलिसेकंदांचा. अर्थात क्षीण प्रवाहातही तो मधला क्षण पुरता टळला नाही: जुळताना कॉन्टॅक्ट उसळतात, आणि वेगवान डिजिटल मंडल बटणाचा एकच दाब अनेकदा मोजते.