अनुभवाला कसोटी कोणती?

डिसेंबर १५२१. जर्मनीतील विटेनबर्ग शहरात त्स्विकाउहून तिघे जण आले. त्यांपैकी निकोलाउस श्टॉर्ख हा विणकर. परमेश्वर आपल्याशी थेट, स्वप्नांतून व दृष्टान्तांतून बोलतो, असा त्यांचा दावा. मेलांख्थॉनसारखा पंडितही गोंधळला. पोपचा अधिकार झुगारल्यावर यांना अडवायचे तरी कोणत्या अधिकाराने?

मार्टिन ल्यूथर तेव्हा वार्टबुर्गच्या किल्ल्यात नव्या कराराचे जर्मन भाषांतर करीत होता. मार्च १५२२ मध्ये परतल्यावर त्याने या संदेष्ट्यांना धुडकावले. सप्टेंबरमध्ये भाषांतर छापून निघाले. कसोटीच लोकांच्या हाती आली म्हणायची!

श्मालकाल्डच्या कलमांत (१५३७) त्याची भूमिका स्पष्ट आहे: बाह्य वचनावाचून आत्मा लाभत नाही. गंमत अशी, की स्वतःच्या अंतःकरणालाच प्रमाण मानणाऱ्यांच्या पंगतीत त्याने पोपलाही बसवले.